पडू दिलेलं पिस्तूल

जर्मनीत लुडविग्सहाफेनमधल्या एका रासायनिक कारखान्यात माझं काम सुरक्षेचं. कुठली टाकी किती तापली की कुठला व्हॉल्व बंद व्हायला हवा, हे काही घडायच्या आत ठरवून ठेवायचं. कॉलेजात एनसीसीत असताना रायफल चालवली होती. इथे आल्यावर बऱ्याच वर्षांनी ती हौस पुन्हा जागी झाली आणि मी गावाबाहेरच्या शुट्झनफेराइनची, म्हणजे नेमबाजी मंडळाची, सभासद झाले. गुरुवारी संध्याकाळी जायचं, एका जागी उभं राहायचं, श्वास रोखून कागदावरच्या वर्तुळावर नेम धरायचा. दिवसभराच्या मीटिंगांनंतर त्या शांततेत बरं वाटायचं.

एका गुरुवारी शेजारच्या हॉलमध्ये डोकावले, तर माझ्या आईच्या वयाच्या एक बाई लाकडी आडोशांमधून पळत होत्या. थांबल्या, दोन गोळ्या, पुन्हा पळाल्या, पळता पळता मॅगझीन बदललं, पुन्हा दोन गोळ्या. समोरची पुठ्ठ्याची टार्गेटं संपली तेव्हा त्यांनी पिस्तूल रिकामं करून पंचाला दाखवलं, कमरेच्या होल्स्टरमध्ये ठेवलं आणि मगच चष्मा पुसला. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या त्या बाई मंडळाच्या प्रशिक्षक होत्या. जर्मनमध्ये आमचं एकमेकींना ‘डू’, म्हणजे ‘तू’, चालायचं, पण मराठीत आठवताना त्या ‘त्या’च होतात.

“मलाही हे शिकायचंय,” मी म्हटलं.

“शीक की. पण सुरुवातीला तुला गोळी मिळणार नाही.”

खरंच मिळाली नाही. हातात दिलं ते निळं प्लॅस्टिकचं पिस्तूल. ते घेऊन चालायचं, वळायचं, गुडघ्यावर बसायचं, उठायचं. नळी कायम समोरच्या, गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाकडे. अंग वळलं तरी नळी वळता कामा नये. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरवर नाही. चालताना, मॅगझीन बदलताना ते बाहेर, पिस्तुलाच्या कडेला सरळ. ऐकायला सोपं. पण बाजूला पळत मॅगझीन बदलायला लागले की माझी नळी अंगाबरोबर निघायची आणि मागून “हाल्ट!” ऐकू यायचं. नियम मला पहिल्याच दिवशी पाठ झाले होते. हाताला ते यायला हिवाळा गेला. घरी भिंतीला भोक पाडायला ड्रिल घेतलं तरी माझी तर्जनी आपोआप सरळ राहू लागली, तेव्हा नवरा म्हणाला, “अगं, बटण दाबल्याशिवाय ते फिरणार कसं?”

एकदा बाईंनी माझ्या हातातल्या निळ्या पिस्तुलाला अचानक टपली मारली. ते निसटलं आणि मी ते हवेतच झेललं. मला वाटलं, त्या कौतुक करतील.

“चूक,” त्या म्हणाल्या. “पडू द्यायचं.”

“भरलेलं असलं तरी?”

“भरलेलं असलं तर नक्कीच. चांगलं पिस्तूल नुसतं पडल्यानं सहसा उडत नाही. झेलायला गेलेलं बोट ट्रिगरमध्ये शिरतं आणि मग उडतं. पडलं तर हात बाजूला घ्यायचे, उभं राहायचं. उचलायचंही नाही. उचलणार पंच.”

त्यानंतर त्या मधूनच टपली मारायच्या. माझा हात कितीतरी वेळा झेपावला. जन्मभर स्वयंपाकघरात घरंगळणाऱ्या वाट्या झेललेला हात तो, त्याला न झेलणं शिकवायला फार वेळ लागला.

वसंतात चाचणी ठरली. ती पास झाल्याशिवाय स्पर्धेत उतरता येत नाही. नेमक्या तेव्हा सासूबाई नाशिकहून आल्या होत्या आणि नवरा कामासाठी बॉनला गेला होता.

“मीही येते,” त्या म्हणाल्या. “हे बंदुकीचं काय चाललंय, बघू तरी.”

“अहो आई, तिथे फार आवाज असतो.”

“नाशकात गणपतीत काय कमी असतो?”

प्रशिक्षक बाईंनी त्यांना मागच्या बाकावर बसवलं, कानांवर लाल कवच चढवलं, चष्म्यावर आणखी एक चष्मा दिला. सासूबाई मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन ताठ बसल्या.

माझी पाळी आली. पंच एक उंच, शांत गृहस्थ होते. या खेळातल्या आज्ञा जर्मनीतही इंग्रजीतच. “मेक रेडी.” पिस्तूल भरलं, होल्स्टरमध्ये ठेवलं. “आर यू रेडी? स्टँड बाय.” टायमरची शिट्टी वाजली. पहिली टार्गेटं नीट गेली, पळतानाचं मॅगझीन नीट बसलं, नळी बांधाकडेच होती. शेवटी पिस्तूल उजव्या हातातून डाव्यात घेऊन नेम धरायचा होता. हाताला घाम होता. डाव्याची पकड बसायच्या आत मी उजवा सोडला आणि पिस्तूल निसटलं.

ते पडताना मला दिसलं. हात हलले नाहीत. काळ्या रबरी चटईवर धप्प आवाज झाला आणि मी दोन्ही पंजे उघडे धरून उभी राहिले.

“स्टॉप,” पंच म्हणाले. त्यांनी मला मागे सरायला सांगितलं, पिस्तूल उचललं, रिकामं केलं, तपासलं. मग टोपी जराशी उचलून म्हणाले, “आजची चाचणी इथेच संपली. वाईट वाटतं.” 

प्रशिक्षक बाई जवळ आल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “गेनाऊ,” एवढंच हसून म्हणाल्या. म्हणजे, अगदी असंच.

मी बाकाकडे गेले तर सासूबाईंचा चेहरा उतरला होता.

“घालवलं का गं तुला?”

“हो. पिस्तूल पडलं की बाहेर, असा नियमच आहे.”

“मग त्या बाई हसत काय होत्या?”

“मी ते झेललं नाही म्हणून.”

त्यांनी जरा विचार केला. “म्हणजे काही केलं नाहीस म्हणून शाबासकी?”

“हो, तसंच.”

“बरंय बाई तुमचं,” म्हणून त्यांनी मला पुरी दिली. मी ती उभ्या उभ्याच खाल्ली आणि मग लक्षात आलं की खूप भूक लागली आहे.

बाद झालेल्यानं घरी जायचं नाही, मदत करायची, अशी तिथली रीत. टार्गेटांवरच्या भोकांवर तपकिरी चिकटपट्ट्यांचे तुकडे लावत मी दुपारपर्यंत फिरले. सगळी पिस्तुलं होल्स्टरमध्ये आणि रिकामी असल्याची खात्री झाली की पंच पुढे सोडायचे. थोड्या वेळानं पाहिलं तर सासूबाई बाकावर बसून प्रत्येकाला चिकटपट्टीचे तुकडे मोजून काढून देत होत्या. त्यांचं मराठी आणि त्या लोकांचं जर्मन, पण काम अडत नव्हतं. पुऱ्या मात्र मघाशीच संपल्या होत्या.

पुढची चाचणी उन्हाळ्यात झाली. तेव्हा सासूबाई नाशिकला परत गेल्या होत्या. हात बदलताना मी पिस्तूल छातीजवळ आणलं, डाव्याची पकड पक्की झाली असं मनात म्हटलं आणि मगच उजवा सोडला. पास झाले. शरद ऋतूत पहिली स्पर्धा खेळले, सगळ्यांपेक्षा सावकाश. जिथे बाकीचे पळत होते तिथे मी चालत गेले.

संध्याकाळी सासूबाईंना फोन लावला.

“कितवी आलीस?”

“शेवटून दुसरी.”

“आणि पिस्तूल?”

“हातातच होतं, आई.”

“मग झालं,” त्या म्हणाल्या, आणि माझा नवरा जेवला का ते विचारू लागल्या.