हाताचे जोडे

पुण्यात दोन वर्षं जर्मन शिकून मी रत्नागिरीला परतले, तेव्हा त्या भाषेचा इथे उपयोग काय, हे घरात कोणालाच कळत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. पण आमरस डब्यात भरणाऱ्या एका कारखान्याकडे जर्मन गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून मालकांनी मला दुभाषी म्हणून ठेवलं. ऑर्डर मिळाली तर नोकरी कायम, नाहीतर घरी बसून स्थळं बघायची.

पाहुणा यायच्या दिवशी आंबे चिरणाऱ्या बायकांना रबरी हातमोजे वाटायचं काम माझ्याकडे आलं. नुसते वाटून गप्प बसले असते तर ती मी कसली! शब्द उकलून दाखवायची मला भारी हौस.

"जर्मन लोक ह्याला हांटशू म्हणतात. हांट म्हणजे हात, शू म्हणजे जोडा. हाताचा जोडा! हजार वर्षं असंच म्हणतायत."

सगळ्यांचे हात झटकन मागे गेले. दाराबाहेर चपला काढून काम करणाऱ्या, पहिला आंबा देवापुढे ठेवल्याशिवाय न चाखणाऱ्या बायका त्या.

"नाय गो बाय," एक म्हणाली, "जोडे घालून आंब्याला हात लावायचा? आमी नाय लावणार."

मी खूप सारवासारव केली. कोणी ऐकेना. तासाभरात पाहुण्याची गाडी येणार होती. मला स्वतःच्या जिभेचा भयंकर राग आला.

तेवढ्यात सगळ्यांत वयस्कर काकींनी एक जोडी उचलून उलटसुलट पाहिली. "हे कदी जमिनीला लागलेत?"

"नाही हो, काकी."

"मग? देवळातल्या पादुकांवर डोकं ठेवतो ना आपण? तशेच हे."

त्यांनी मोज्यांच्या मनगटांवर हळदकुंकवाचं बोट लावलं आणि घातले. मागोमाग बाकीच्यांनीही.

पाहुण्याने ते ठिपके पाहून विचारलंच. मी सगळं सांगून टाकलं. तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. दर हिवाळ्यात हातमोजे घालतो, म्हणाला, पण हा शब्द कधी फोडून पाहिला नव्हता. मग खो खो हसला आणि दाराशी जाऊन स्वतःचे बूट काढून आला. ऑर्डर मिळाली. मला नाचावंसं वाटत होतं.

"बाय," काकी हळूच म्हणाल्या, "डबे भरून होईपर्यंत आता दुसरा शब्द फोडू नको हां."

शिवताना बोटात घालतात त्या अंगुस्तानाला जर्मन लोक बोटाची टोपी म्हणतात, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. गिळून टाकलं.