सुपाआडचा फासा

आमच्या मामेसासऱ्यांइतका सरळ माणूस अख्ख्या कर्जत-खालापुरात झाला नाही आणि त्यांच्याइतका सराईत खोटारडाही झाला नाही, असं मी म्हटलं की बायको डोळे वटारते. पण मनातून तिलाही ते पटलेलं आहे. खोपोलीच्या एका कारखान्यात मामा फाटकावर टाइमकीपर होते. भोंगा झाल्यावर सख्खा भाऊ धापा टाकत आला, तरी त्याच्या नावापुढे 'लेट' लिहिणारा हा माणूस. निवृत्त होऊन पळसदरीला घरी बसल्यावर एकदा कर्जतच्या बाजारातून आणलेल्या पिशवीत एक लिंबू जास्त निघालं, तर भर उन्हात परत जाऊन त्यांनी ते भाजीवालीच्या पाटीत ठेवलं. ती बिचारी म्हणाली, "मामा, मीच घातलं व्हतं, तुमी नेमानं येता म्हून." मामांनी तिचे आभार मानले आणि लिंबू तिथेच ठेवून घरी आले. आणि हाच गृहस्थ रविवारी दुपारी, जेवणं आटोपली की, ओटीवर बसून आम्हा सगळ्यांशी धडधडीत खोटं बोलायचा.

त्याचं असं की मामांनी स्वतःच्या डोक्यातून एक खेळ काढला होता. नाव 'स्वारी'. ओटीवर गेरूने बोरघाट काढायचा, त्यात नदी, दरी, चोरवाट, वाघाची गुहा. आम्ही एकेक सोंग घ्यायचं आणि खजिना घाटमाथ्यावर पोचवायचा. मी हेर, बायको वैद्यीण, आणि मामी सरसेनापती, कारण घरात त्या पदावर त्या होत्याच. आपण काय करणार ते आम्ही सांगायचं आणि त्याचं पुढे काय झालं ते मामा सांगणार. सांगताना ते वाघाची डरकाळी अशी फोडायचे की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघायची. प्रसंग बाका आला की सापशिडीतला फासा निघे. सहा म्हणजे बेडा पार, एक म्हणजे कडेलोट. मात्र फासा मामांनीच टाकायचा आणि तोही समोर सूप उभं धरून, त्याच्या आड. "दैवाचं काम आडोशालाच चालतं," असं ते आम्हाला बजावायचे.

त्या सुपाआड कधी एक पडलाच नाही. मी पुराच्या नदीत उडी घेतली, की "चार! ओंडका हाती लागला." बायको वाघाच्या जखमेवर लेप लावायला गेली, की "पाच! वाघ समजूतदार निघाला." सकाळी मामींशी खटका उडालेला असला, तर सरसेनापतींच्या वाट्याला हमखास दोन यायचे आणि त्यांचा घोडा लंगडायचा. पण मरायचं कुणी नाही. मामांच्या राज्यात मरायला बंदी होती.

गंमत पुढेच आहे. ते सूप होतं जुनं. त्याच्यावरचं शेणाचं सारवण केव्हाच झडून गेलं होतं आणि विणीत फटी पडल्या होत्या. मामा बसायचे अंगणाच्या बाजूला, उजेडाकडे पाठ करून. त्यामुळे ओटीच्या आतल्या अंगाला बसलेल्या आम्हा सगळ्यांना पलीकडचा फासा स्वच्छ दिसायचा. कुणी बोलत नसे. मामी घरातली यच्चयावत सुपं-टोपल्या सारवायच्या, पण हे एक सोडून. बायकोने एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. त्यातनं मानूस दिसतो."

शेजारच्या दामूचा उजवा हात कारखान्यात मशिनीत गेला, तेव्हा मामांनी त्याला घरातून ओढून आणून 'स्वारी'त वाटाड्या केलं. दामू तरणाताठा, हाडाचा कष्टाळू. त्याला एकच ध्यास होता, पुन्हा कामावर जायचं. पण तो विषय काढला की त्याची आई म्हणे, "व्हईल रं समदं." त्याची बायको म्हणे, "तुमी बसा, मी हाय ना." आणि मामा तर छातीठोकपणे सांगायचे, "बोलावणं येतंयच बघ!" ते काही येत नव्हतं.

एका रविवारी वाटाड्या दरीपाशी आला. पूल मोडलेला, नुसता दोर लोंबत होता. दामू म्हणाला, "माझा वाटाड्या बी येकाच हाताचा हाय. जातो तसाच." मामांनी फासा टाकला. आम्हा सगळ्यांना दिसला. एक.

"सहा!" मामा गरजले. "वानरासारखा पार गेला!"

"येक पडलाय, मामा."

"कोण म्हनतो?"

"सूप म्हनतंय," दामू म्हणाला आणि त्याने डाव्या हाताचं बोट फटीतून पलीकडे घालून हलवून दाखवलं.

मामा त्या बोटाकडे बघतच राहिले. मला हसू फुटणार होतं, पण दामूचा चेहरा पाहून ते गिळलं. तो म्हणाला, "घरात समदी मला सहाच सांगत्यात. तुमी बी तेच सांगाय लागलात, तर मी खरं कुनाला इचारू? मला घेतील का नाय कामावर?"

मामांनी सूप खाली आडवं ठेवलं. "मशिनीवर नाय घेणार, दामू. कधीच नाय. फाटकावर घेतील का, ते मला ठावं नाय. जाऊन इचारावं लागंल. नाय म्हनाले तर?"

"तर येक पडला म्हनायचा."

वाटाड्याचा त्या दिवशी रीतसर कडेलोट झाला. सोमवारी दोघं खोपोलीला गेले आणि नकार घेऊन आले. पण मामा चिवट. ते दामूला घेऊन जातच राहिले, आणि अखेर साहेबांनी कंटाळून त्याला फाटकावर घेतलं. डाव्या हाताने लिहायला शिकलेल्या दामूने पहिला 'लेट' लिहिला तो स्वतःच्या मेव्हण्याचा. मामांनी ते ऐकून गावभर पेढे वाटले. पुढे 'स्वारी'त दामूचा फासा उघड्यावर पडू लागला, आमचा मात्र सुपाआडच. मी तक्रार केली, तर म्हणाले, "जावईबापू, तुमाला सोसायचं नाय."

मामा शेवटचे आजारी पडले, तेव्हा आम्ही सगळे रोज हसतमुखाने सांगत होतो, बरं होईल, डॉक्टर खूश आहेत. एका संध्याकाळी दामू ड्यूटीच्या कपड्यांतच भेटायला आला. मामांनी त्याला जवळ बोलावलं. "दामू, काय पडलं रं?"

दामू खाटेच्या कडेला बसला, मामांचा हात त्याने आपल्या डाव्या हातात घेतला.

"येक, मामा."

मामांच्या कपाळावरची आठी सुटली. "ह्या समद्यांनी सहा सांगितलं, तवाच वळखलं मी," ते म्हणाले. मग मामींकडे वळले. "तुझा घोडा मी मुद्दाम लंगडा करायचो गं."

"म्हाईत हाय," मामी डोळे पुसत म्हणाल्या. "सूप मीच सारवत नव्हते."

मामा किती तरी दिवसांनी मोकळं हसले. ते सूप आता आमच्या घरी खुंटीला आहे. बायको त्याला सारवणाचा हात लावू देत नाही, आणि दुपारच्या उजेडात ते दिसलं की मला मामांची फार आठवण येते.