जर्मनचा व्हॉल

लग्न चार दिवसांवर आलं नि आमच्या पिठाच्या गिरणीच्या इंजिनाचा व्हॉल्व्ह, आमच्या बोलीत व्हॉल, मोडला. ईट गावातली ती एकच गिरणी, आमची. लग्न माझ्या नणंदेचं, आणि दळायचा गहू पोत्यांनी पडलेला. सोलापुरात व्हॉल मिळेना. मुंबईहून मागवावा लागेल म्हणाले.

"जात्यावर दळू की," मी म्हणाले. तर मालक, म्हणजे माझे यजमान, जणू मी सोयरीकच मोडली असं बघाय लागले. "गिरणीवाल्याच्या घरात जातं फिरवायचं? लोक तोंडात शेण घालतील." दुसऱ्या गावच्या गिरणीत दळण न्यायचं तर त्याहून वाईट. मग ठरलं, व्हॉल आपणच ओतायचा.

कशाचा, तर जर्मनच्या भांड्यांचा. अ‍ॅल्युमिनियमला आमच्याकडं जर्मनच म्हणतात. ते लवकर वितळतं, आणि व्हॉल हलका असला की इंजिनालाही उचलायला जड जात न्हाय, असं ह्यांचं म्हणणं. आता काय बोलावं ह्या माणसाला. नुसतं जर्मन मऊ पडेल म्हणून त्यात निजामाच्या वेळचे तांब्याचे पैसे घातले. नाहीतरी ते बाजारात कुणी घेत नव्हतं. लोहाराच्या भट्टीत माझं वरणाचं पातेलं गेलं. व्हॉल मात्र देखणा झाला. इंजिन सुरू झालं, पायलीभर गहू दळला, आणि धुराच्या धगीनं व्हॉल मेणागत वाकला.

दुसरा कुणी थांबला असता. ह्यांनी हिशेब धरला: एका भांड्याला एक पायली. दोन दिवसांत माझी चूल उघडी पडली. जावेनं तिची भांडी कडब्यात लपवली. मग ह्यांची नजर गेली रुखवतावर. तिथं भूमच्या बाजारातनं आणलेली नवीकोरी जर्मनची भांडी होती, वन्संच्या सासऱ्यांनी बोलीत मागून घेतलेली. माझं डोकंच फिरलं. "बहिणीला रिकाम्या हातानं धाडताय व्हय?"

वन्सं उठल्या नि मोठा डबा भावापुढं ठेवला. "घे दादा. गिरणी बंद ऱ्हायली तर तू मांडवात तोंड दाखवणार न्हाईस."

डब्यामागोमाग रुखवतातली सगळी भांडी भट्टीत गेली, नि त्या पिठाच्या पोळ्यांवर वऱ्हाड जेवलं. पंगत उठल्यावर व्याही पान चघळत रुखवतापाशी आले. करंज्या होत्या, शेवया होत्या. "अन् आमची भांडी कुठायत?"

आमचे हे खांबाआड. भांड्यांपायी पोरीला जन्मभर ऐकावं लागणार.

वन्संनी मान खाली ठेवूनच सांगितलं, "आत्ता जेवलात की, मामंजी."