चाल मागील अंकाप्रमाणे

भंडाऱ्याकडचे जानराव भिलाईच्या पोलाद कारखान्यात खलाशी होते; जहाजावरचे नव्हे, दोरावरचे. नवी भट्टी उभी होत होती आणि तिचे अगडबंब लोखंडी तुकडे दोरांनी बांधून क्रेनवर चढवायचे, हे त्यांचं काम. तिथं त्यांचा कधी गोंधळ उडाला नाही. उडवला तो एका मासिकानं!

मासिक पुण्याहून यायचं, पोरांच्या संगीत नाटकांचं. नाव ‘नाट्यकिलबिल’. प्रत्येक अंकात एक छोटं नाटक आणि त्यात पदं. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरच्या गणपतीत शेजारच्या बेबीताईंनी त्यातलं ‘राणीची नथ’ बसवायला घेतलं आणि राणी केली जानरावांची नलू. पोरीनं भाषणं घडाघडा पाठ केली, पण पदाशी येऊन गाडी अडली. पदाच्या डोक्यावर छापलेलं, ‘चाल: मागील अंकाप्रमाणे’.

जानरावांनी बेबीताईंकडून मागचा अंक आणला. त्यात होतं, ‘चाल: दिवाळी अंकाप्रमाणे’. दिवाळी अंक काही सापडेना.

"ताई, या मासिकाले सुरुवातच नाही का वो?"

"मले काय विचारता? पण पद नाही बसलं, त राणी दुसरीले द्यावी लागन."

नलूचं तोंड एवढंसं झालं.

झालं, जानराव सायकल मारत दुर्गला, मोहन नगरात चिंतामणींकडे. पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिलेलं मराठी घराणं, घरात पेटी. चिंतामणींनी एक चाल वाजवली. मग मान हलवून दुसरी. मग तिसरी वाजवता वाजवता म्हणाले, "थांबा हं, ही तर पहिलीच झाली!" परतीच्या वाटेवर जानरावांच्या डोक्यात सगळ्या चालींची अशी गुंतवळ झाली, की घरी येऊन तोंड उघडलं तर भलतंच बाहेर पडलं. ती होती त्यांच्या आईची, धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, रोपांचं रोवणं करताना म्हणायची चाल.

"हेच, बाबा?" नलूनं विचारलं.

"हेच असन," जानराव म्हणाले. दुसरं होतं काय त्यांच्याजवळ?

गणपतीत मांडव गच्च भरला. जानराव विंगेत, हातात पडद्याची दोरी. नलूनं सूर लावला, "नथ कुठं गं पडली माझी, नथ कुठं गं पडली?"

आता बघा, रोवण्याच्या गाण्याची रीतच अशी, की एकीनं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी झेलायची. मांडवात भंडारा-गोंदियाकडच्या बाया काय कमी होत्या? मागून त्यांच्यातल्या गयाबाईनं ओळ झेलली आणि तिच्यामागं अख्खी रांग. वर उत्तरही दिलं, "बांधीत पडली, बाई, बांधीत पडली!"

नाटकात नथ तर पोपटाच्या पिंजऱ्यात निघायची होती! प्रधान झालेला पोरगा पिंजरा घेऊन उभाच. नलू गाता गाता थांबली. तिला वाटलं, लोक थट्टा करून राहिले. तिनं बापाकडे पाहिलं.

आयुष्य दोरांत गेलेल्या माणसाला ती दोरी सोडावी की धरावी, कळेना. पण बायांची ओळ येऊन थांबली होती आणि पुढची कोणी टाकत नव्हतं. ते काही जानरावांना सहन होईना. विंगेतूनच त्यांनी गळा काढला, "बांधीत कशी पडली, बाई, बांधीत कशी पडली?"

नलूचा चेहरा उजळला. तिनं ओळ उचलली, बायांनी झेलली, पुन्हा तिनं टाकली. प्रधानानं कंटाळून पिंजरा खाली ठेवला आणि तोही गायला लागला. नथ शेवटी सापडली का, कोणालाच आठवत नाही.

चिंतामणी खास दुर्गहून आले होते. पडदा पडल्यावर त्यांनी विचारलं, "जानराव, ही कोणत्या अंकातली चाल?"

"साहेब, आधी हे सांगा, नाटक झालं का मोडलं? मले त काहीच समजून नाही राहिलं."



पुढच्या महिन्यात बेबीताई नवा अंक घेऊन आल्या आणि थेट नलूच्या हातात दिला. पदाच्या डोक्यावर छापलेलं होतं, ‘चाल: मागील अंकाप्रमाणे’.

"हे त आपल्याले येते, बाबा!" नलू म्हणाली आणि तिनं रोवण्याचाच सूर लावला.