वर्तुळात ठेवलेला खडा

शेजारच्या बांधकामावर चिरे उतरवत होते. जांभ्याच्या भुकटीचा वास तिसऱ्या मजल्यावर माझ्या खिडकीत आला आणि मी थेट हातखंब्याजवळच्या त्या चिरेखाणीत जाऊन पडले.

सातवीत मी गाईडमध्ये होते. स्काउटिंग म्हणजे पुढे जाऊन वाट शोधायची आणि मागच्यांसाठी खुणा ठेवायच्या, असं बाईंनी शिकवलेलं. त्या दिवशी पुढे मी होते. बाण काढून कंटाळले, म्हणून खाणीच्या काठावर दगडांचं वर्तुळ मांडलं आणि मधोमध एक खडा ठेवला. त्याचा अर्थ, 'मी घरी गेले.' मग मुलींची गंमत बघायला खाली उडी मारून लपले.

मुली आल्या, खूण वाचली आणि हसत परतल्या. मी वर चढू लागले, तर त्या सरळ कापलेल्या भिंतीत पाय टेकायला जागाच नव्हती. हाका मारमारून घसा बसला. तोंडात तांबडी माती, आणि वर आभाळाचा एक चौकोन.

बऱ्याच वेळाने त्या चौकोनात माझ्या मैत्रिणीचं, सुलूचं डोकं दिसलं. "डबा आंब्याखाली टाकून घरी जाशील होय गो तू?"

आता माझे गुडघे गेलेत. इमारतीला लिफ्ट नाही. दोन महिने मी खाली उतरलेले नाही. मघाशी मुंबईहून मुलाचा फोन आला.

"आई, बरी आहेस ना?"

"मजेत रे. आत्ताच बाजारातून आले."

त्याने खूण वाचली आणि तो परत फिरला. या वेळी आंब्याखाली माझा डबाही नाही.