टीमची बदली
भाजलेल्या शेंगांचा वास आला की मला ब्रुकलिनमधला माझा घरमालक आठवतो. सत्त्याण्णव सालचा उन्हाळा होता. म्हातारा संध्याकाळी पायऱ्यांवर शेंगा सोलत बसायचा आणि मलाही मूठभर द्यायचा. एकदा मी सेलमधून घेतलेली एका बेसबॉल टीमची निळी टोपी घालून आलो, तर त्याने शेंगांची पिशवीच मागे ओढली. "ही टीम आमची होती. चाळीस वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसला निघून गेली." त्याची समजूत काढायला मी म्हणालो, "बदली झाली असेल. माझे वडील बँकेत होते, त्यांची दर तीन वर्षांनी व्हायची." टरफलं चुरडत तो म्हणाला, "बदली झालेल्याला कोणीतरी पाठवतं. हे स्वतःहून गेले, आणि वर आम्हालाच सांगतात, नाइलाज होता." मग त्याने विचारलं, "तुला कोणी पाठवलं?" "कंपनीने," मी म्हणालो आणि टोपी काढून खिशात कोंबली. खरं तर अमेरिकेसाठी मीच तीनदा अर्ज केला होता. घरी मात्र बदली झाली, नाइलाज आहे, असंच सांगून निघालो होतो. त्यानंतर मी कधीच घरी परत गेलो नाही. आता वडीलही नाहीत. शेवटपर्यंत ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत राहिले, "बदलीच आहे हो, तीन वर्षं झाली की येईल."