धुतलेली कॅरव्हॅन

आमच्या शेजारचे रघुवीरकाका नागपूरचे. नॉटिंगहॅममध्ये इतकी वर्षं काढली, तरी काय चाललंय विचारलं की सांगणार, "काही नाही गं, जरा पडदे शिवून राहिलो." गेल्या ईस्टरपासून तर ते सारखं काहीतरी करूनच राहिले होते. घासून राहिले, ठोकून राहिले, रंगवून राहिले. त्यांच्या ड्राइव्हवर एक जुनी कॅरव्हॅन आली होती. गाडीमागे ओढायची, सत्तरच्या दशकातली, बाहेरून दुधाळ पिवळी आणि आतून ओल्या कुत्र्याच्या वासाची.

ती सुचेताकाकूंसाठी होती. काकू वेंगुर्ल्याच्या. लग्नापर्यंत रोज समुद्र बघितलेल्या बाईला नशिबाने अशा गावात आणून टाकलं, की जिथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. पुढे त्यांचं हार्ट थकलं. विमान बंद, म्हणजे वेंगुर्लं बंद. गाडीतसुद्धा थोडं गेलं की आडवं व्हावं लागतं, आणि अंगातलं पाणी काढायच्या गोळ्यांमुळे बाथरूम हाताशी हवं.

"मोटरवेवर टॉयलेटच्या रांगेत उभी राहत राहत मला समुद्राला जायचं नाही," काकू म्हणाल्या.

"मग पलंग आणि बाथरूम सोबतच घेऊ नं," काका म्हणाले.

वाटेत गाडी थांबवायची, काकूंनी मागे जाऊन पडायचं, परत निघायचं. स्केगनेसला किनाऱ्यालगत कॅरव्हॅन लावायची. सकाळी काकूंनी उशीवरून मान न उचलता समुद्र बघायचा. या मान न उचलण्यासाठी काकांनी पलंग खिडकीच्या उंचीपर्यंत चढवला आणि चढायला दोन बुटक्या पायऱ्या केल्या. आयुष्य ऑफिसात गेलेला माणूस, ड्रिल कसं धरायचं ते यूट्यूबने शिकवलं. नारिंगी फुलांच्या गाद्या काढून निळ्या घातल्या. भिंतींना नवीन प्लाय लावलं. मिसळणाच्या डब्यासाठी खाच असलेली फळी केली, म्हणजे वळणावर हळद सांडायला नको.

समोरचा ट्रेव्हर जगातल्या प्रत्येकाला 'डक' म्हणतो, म्हणजे इथल्या बोलीत 'बाळा'. तो रोज कुंपणावरून विचारायचा, "ए अप, रॅगी. स्टिल अ‍ॅट इट, माय डक?"

"यस, ट्रेव्हर. डूइंग अँड डूइंग."

दसऱ्याला काम संपलं. गाडीची पूजा व्हायची तशी कॅरव्हॅनचीही व्हायची होती. काकू शाल घेऊन हळूहळू बाहेर आल्या, दारापाशी खुर्चीत बसल्या, आत डोकावल्या.

"जमीन धुतलीत का हो?"

"हूवरने व्हॅक्यूम केलं नं."

"हूवर म्हणजे धुणं नव्हे. माणसं बूट घालून हिंडली असतील आत. न धुता हळदकुंकू वाहणार?"

काकांनी बादली आणली. मग आणखी एक. मग बागेतला पाण्याचा होजच आत घेतला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खराट्याने कोपरान् कोपरा घासला, आणि काकू बाहेरून हुकूम सोडत होत्या. "तिकडे, पलंगाखाली. अहो, हात नीट चालवा, सासरी आल्यासारखे काय करताय?" त्या इतक्या हसल्या की दम लागला.

"पाणी कुठून बाहेर जातंय पण?" काकांनी विचारलं.

"जाईल कुठूनतरी. मुरतं."

मुरलंच. वरून लिनोलियम, खाली लाकूड, त्याखाली फोम. मोरी कुठेच नाही. हिवाळाभर कॅरव्हॅन ताडपत्रीखाली झाकून ठेवली आणि मार्चमध्ये तपासायला माणूस बोलावला. त्याने पलंगापाशी जमिनीवर अंगठा टेकवला, तो आत गेला.

"हॅज शी बीन इन अ फ्लड, मेट?"

"नो, नो. वी वॉश्ड."

"वॉश्ड व्हॉट?"

"द फ्लोअर."

"विथ व्हॉट?"

"वॉटर," काका म्हणाले.

त्या माणसाने अंगठा पँटला पुसला. मग म्हणाला, भिंतींचा खालचा भागही गेलाय, रस्त्यावर काढू नका, तुटून पडेल. जमीन बदलायची तर आतलं सगळं उपटा, म्हणजे पुन्हा एक अख्खा उन्हाळा. जिना चढवत नव्हता म्हणून काकूंचा घरातला पलंग तोपर्यंत खाली फ्रंट रूममध्ये आला होता. पुढच्या उन्हाळ्याबद्दल त्या घरात कोणी बोलत नव्हतं.

काका आत गेले. खोटं बोलताना त्यांचा आवाज वर चढतो, प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधीसारखा.

"ब्रेक गेले म्हणून राहिला तो. जुन्या मॉडेलचे मिळत नाहीत आता."

"ब्रेक."

"हो नं. ब्रेकच."

"आमच्याकडे होडीसुद्धा तेल पाजल्याशिवाय पाण्यात घालत नाहीत," काकू म्हणाल्या. "आणि मी तुम्हाला होज धरायला लावला."

"ब्रेक गं, सुचेता."

"बरं. ब्रेक." मग थोड्या वेळाने, "तुम्ही एकटे जाऊन या. फोनवर दाखवा मला."

एप्रिलमध्ये काका पहाटेच्या कोच-बसने स्केगनेसला गेले. दुपारी व्हिडिओ कॉल आला. माझी आई काकूंच्या सोबतीला बसली होती, तिने फोन त्यांच्या उशीला टेकवून दिला. स्क्रीनवर राखाडी आभाळ आणि खाली राखाडी चिखल, आणि वाऱ्याचा इतका आवाज की काका ओरडून बोलत होते.

"दिसला का?"

"समुद्र कुठाय?"

"इथंच असायला पाहिजे. बोर्ड तर लावलाय."

"ओहोटी आहे हो. भरतीची वेळ बघून नाही गेलात?"

नागपूरच्या माणसाला समुद्राचीही वेळ असते हे कोण सांगणार. "थांबतो मी. येईलच की."

"वाळू अजून चकाकतेय. पाणी आत्ताच मागे गेलंय. तुमच्या परतीच्या कोचच्या आधी नाही यायचं ते."

"मग मी जातो त्याच्याकडे," काका म्हणाले आणि चालायला लागले. स्क्रीनवर आता नुसता चिखल हलत होता, आणि मधूनमधून काकांचे ऑफिसचे काळे बूट.

"अहो, बूट भिजतील."

"भिजतील कुठून," काका ओरडले, "पाणीच नाही."